संपृक्त मेदाम्लांची साखळी-लांबी आणि कोलेस्टेरॉल चयापचय

संपृक्त मेदाम्लांची साखळी-लांबी म्हणजे संपृक्त मेदाम्लाच्या एका रेणूत सरळ ओळीत जोडलेल्या कार्बन अणूंची संख्या होय. आहारातील संपृक्त मेदाम्लांमध्ये ही संख्या सामान्यतः ४ ते २४ असते. तूप, खोबरेल, पामतेल आणि कोकमतेल या चारही पदार्थांत संपृक्त मेदाम्ले मोठ्या प्रमाणात असतात. परंतु त्यांची साखळी-लांबी वेगवेगळी असल्याने रक्तातील कोलेस्टेरॉलवर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. १२, १४ आणि १६ कार्बनची मेदाम्ले कमी घनतेच्या लिपोप्रोटीनमधील (एलडीएल) कोलेस्टेरॉल वाढवतात. १८ कार्बनचे स्टिअरिक आम्ल या बाबतीत जवळजवळ तटस्थ आहे, तर १० किंवा त्याहून कमी कार्बनची मेदाम्ले वेगळ्या मार्गाने शोषली जातात व त्यांचा परिणाम तुलनेने कमी असतो.

तथापि, कोणत्याही नैसर्गिक स्निग्ध पदार्थात एकच मेदाम्ल नसते. त्यामुळे एखाद्या तेलाचा किंवा तुपाचा परिणाम त्यातील सर्व मेदाम्लांचे मिश्रण, त्याचे खाल्लेले प्रमाण आणि त्याने आहारातील कोणत्या पदार्थाची जागा घेतली यांवर अवलंबून असतो.

## वर्गीकरण

साखळी-लांबीनुसार संपृक्त मेदाम्लांचे ढोबळमानाने चार गट केले जातात.

- लघु साखळी (६ पेक्षा कमी कार्बन): ब्यूटिरिक आम्ल (४). दुधातील मेदात आढळते. मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतुमय पदार्थांपासूनही ते तयार करतात.
- मध्यम साखळी (६ ते १२ कार्बन): कॅप्रोइक (६), कॅप्रिलिक (८), कॅप्रिक (१०) आणि लॉरिक (१२) आम्ल. खोबरेल तेल हा मुख्य स्रोत असून दुधातील मेदातही ती अल्प प्रमाणात असतात.
- दीर्घ साखळी (१४ ते १८ कार्बन): मिरिस्टिक (१४), पामिटिक (१६) आणि स्टिअरिक (१८) आम्ल. लोणी, तूप, मांस, पामतेल, कोको आणि कोकम यांत आढळतात.
- अतिदीर्घ साखळी (२० व त्याहून अधिक कार्बन): अरॅचिडिक (२०), बेहेनिक (२२) आणि लिग्नोसेरिक (२४) आम्ल. शेंगदाणा तेलात ती थोड्या प्रमाणात असतात. अरॅचिडिक आम्लाचे नावच भुईमुगाच्या शास्त्रीय नावावरून आले आहे.

लॉरिक आम्लाचे स्थान सीमारेषेवरचे आहे. रसायनशास्त्रात त्याची गणना मध्यम साखळीत होते. पण शोषणाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने ते बऱ्याच अंशी दीर्घ साखळीच्या मेदाम्लासारखे वागते. खोबरेल तेलाविषयीच्या अनेक वादांचे मूळ या दुहेरीपणात आहे.

साखळी जितकी लांब तितका संपृक्त मेदाम्लाचा वितळणबिंदू अधिक असतो. कॅप्रिलिक आम्ल सुमारे १६° सेल्सिअसला वितळते, लॉरिक ४४°, पामिटिक ६३° आणि स्टिअरिक सुमारे ६९° सेल्सिअसला. खोबरेल तेल साधारण २४° सेल्सिअसच्या खाली घट्ट होऊ लागते. म्हणून पुण्याच्या हिवाळ्यात ते बाटलीत गोठते. मात्र पदार्थ बाहेर घट्ट होतो म्हणून तो रक्तातही गोठतो, ही समजूत चुकीची आहे. पचनात स्निग्ध पदार्थाचे विघटन होते आणि पुढे त्याचे वहन लिपोप्रोटीनच्या रूपात होते. सर्वाधिक वितळणबिंदू असलेल्या नेहमीच्या मेदाम्लांपैकी एक असलेले स्टिअरिक आम्ल कोलेस्टेरॉल वाढवत नाही, यावरूनही हे स्पष्ट होते.

## शोषण व वहन

आहारातील मेद मुख्यतः ट्रायग्लिसराइडच्या रूपात असतो. लहान आतड्यात त्याचे पचन झाल्यावर मेदाम्ले दोन वेगळ्या मार्गांनी शरीरात जातात.

१० किंवा त्याहून कमी कार्बनची मेदाम्ले पाण्यात तुलनेने अधिक विद्राव्य असतात. ती बहुतांशी आतड्यातून थेट द्वारशिरेत आणि तेथून यकृतात पोहोचतात. यकृतपेशींतील तंतुकणिकांमध्ये शिरण्यासाठी त्यांना कार्निटिनवर आधारित वाहकाची फारशी गरज नसते. त्यामुळे त्यांचे ज्वलन लवकर होते आणि साठा कमी होतो. याच गुणामुळे मेदाचे शोषण नीट न होणाऱ्या रुग्णांसाठी कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांपासून बनवलेले मध्यम साखळीचे ट्रायग्लिसराइड तेल वैद्यकीय आहारात वापरले जाते.

१४ व त्याहून अधिक कार्बनची मेदाम्ले आतड्याच्या पेशींत पुन्हा ट्रायग्लिसराइडमध्ये गुंफली जातात. ती कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरून लसीकावाहिन्यांमार्गे रक्तात येतात. लॉरिक आम्लाचा मोठा भाग याच मार्गाने जातो. म्हणून वैद्यकीय वापराच्या मध्यम साखळी तेलावर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष खोबरेल तेलाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

## कोलेस्टेरॉलवरील परिणामाची यंत्रणा

रक्तातील एलडीएल कणांची पातळी दोन गोष्टींवर ठरते: ते किती तयार होतात आणि यकृत ते किती वेगाने काढून टाकते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावरील एलडीएल ग्राही हे कण पकडून आत घेतात. या ग्राहींच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतील मुक्त कोलेस्टेरॉल वाढले की ग्राही तयार करण्याचा संकेत मंदावतो. हे टाळण्यासाठी पेशी जादा कोलेस्टेरॉल एखाद्या मेदाम्लाशी जोडून एस्टरच्या रूपात साठवते. या कामासाठी १८ कार्बनचे, एक दुहेरी बंध असलेले ऑलिइक आम्ल सर्वांत अनुकूल ठरते. लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक आम्लांचे प्रमाण वाढल्यास एस्टर कमी बनते, मुक्त कोलेस्टेरॉलचा साठा वाढतो, ग्राहींची क्रियाशीलता घटते आणि एलडीएल रक्तात अधिक काळ राहते. हे स्पष्टीकरण प्रामुख्याने हॅमस्टर या प्राण्यावरील प्रयोगांतून पुढे आले.

स्टिअरिक आम्लाच्या तटस्थतेचे एक कारण असे दिले जाते, की यकृतातील एक विकर त्याच्या साखळीत दुहेरी बंध निर्माण करून त्याचा काही भाग ऑलिइक आम्लात बदलते. शिवाय ते पामिटिक आम्लाच्या तुलनेत काहीसे कमी शोषले जाते.

आहारातील मेदाम्ल आणि रक्तातील मेदाम्ल यांचा संबंध सरळ नसतो. यकृत अतिरिक्त कर्बोदकांपासून स्वतः पामिटिक आम्ल तयार करते. म्हणून तूप वर्ज्य करून त्याजागी साखर आणि मैदा वाढवल्यास रक्तातील पामिटिक आम्ल घटेलच असे नाही. उलट ट्रायग्लिसराइड वाढून जास्त घनतेच्या लिपोप्रोटीनमधील (एचडीएल) कोलेस्टेरॉल कमी होऊ शकते.

## संशोधनाचा इतिहास

### सूत्रांचा काळ

१९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतील ॲन्सेल कीज व त्यांचे सहकारी आणि मार्क हेगस्टेड यांनी नियंत्रित आहार-प्रयोगांवरून सूत्रे मांडली. संपृक्त मेदाने एकूण कोलेस्टेरॉल जितके वाढते, त्याच्या साधारण निम्म्याहून थोडे अधिक ते तेवढ्याच बहुअसंपृक्त मेदाने घटते, असा या सूत्रांचा आशय होता. स्टिअरिक आम्ल आणि १२ पेक्षा कमी कार्बनची मेदाम्ले कोलेस्टेरॉल वाढवत नाहीत, हे कीज यांच्या गटाने १९६५ मध्येच नोंदवले होते. तरीही सार्वजनिक सल्ल्यात ‘संपृक्त मेद’ हा एकच गट म्हणून राहिला.

१९८८ मध्ये आंद्रेआ बोनानोम आणि स्कॉट ग्रंडी यांनी ११ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात पामिटिक आम्लाऐवजी स्टिअरिक आम्ल दिल्यावर एलडीएल सरासरी २१ टक्के घटले, तर ऑलिइक आम्ल दिल्यावर १५ टक्के. प्रयोग लहान आणि द्रवरूप आहारावर आधारलेला होता. परंतु त्यामुळे स्टिअरिक आम्लाकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

### मुंबईहून झालेला रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास

साखळी-लांबीचा प्रश्न भारतीय आहाराच्या संदर्भात उपस्थित करणारे आरंभीचे महत्त्वाचे काम मुंबईत झाले. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील दहा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांमधील हृदयविकाराच्या मृत्यूंची तुलना करून १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदींनुसार दक्षिण भारतीय कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण पंजाबातील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट होते. प्रत्यक्षात पंजाबातील आहारात मेद ८ ते १९ पट अधिक होता आणि तो मुख्यतः दुधातुपाचा होता. दक्षिणेत वापर कमी असला तरी तो बियांच्या तेलांचा होता. दूध, दही, ताक यांतील लघु साखळीची मेदाम्ले आणि अन्न चावून खाण्याची पद्धत यांचा या फरकाशी संबंध असावा, असे मत मल्होत्रा यांनी मांडले.

हा अभ्यास आजही तुपाच्या समर्थनार्थ उद्धृत केला जातो. त्याच्या मर्यादा मात्र मोठ्या आहेत. तो मृत्युनोंदींवर आधारलेला निरीक्षणात्मक अभ्यास होता आणि प्रदेशांमधील जीवनशैलीचे इतर फरक आहारापासून वेगळे काढणे त्यात शक्य नव्हते. शिवाय दुधातील मेदात लघु साखळीपेक्षा पामिटिक आणि मिरिस्टिक आम्लच कितीतरी अधिक असते. भारतातील राज्यनिहाय रोगभाराच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे सर्वाधिक प्रमाण केरळ, पंजाब आणि तमिळनाडू या राज्यांत आढळले. नारळ वापरणारे केरळ आणि तूप-लोणी वापरणारे पंजाब एकाच यादीत वर असणे, हे एकट्या स्निग्ध पदार्थावरून प्रादेशिक फरक समजावता येत नसल्याचे द्योतक आहे.

### एकत्रित विश्लेषणे

नेदरलँड्समधील रोनाल्ड मेन्सिंक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ६० नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. कर्बोदकांच्या जागी लॉरिक आम्ल आल्यास एकूण कोलेस्टेरॉल बरेच वाढते. परंतु त्यातील मोठा वाटा एचडीएलचा असल्याने एकूण कोलेस्टेरॉल व एचडीएल यांचे गुणोत्तर घटते. मिरिस्टिक आणि पामिटिक आम्लांनी या गुणोत्तरात फारसा बदल होत नाही, तर स्टिअरिक आम्लाने ते किंचित घटते, असे त्यात दिसले.

एचडीएल वाढणे म्हणजे हृदयविकाराचा धोका कमी होणेच, असे मात्र मानता येत नाही. एचडीएल लक्षणीयरीत्या वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाची चाचणी गटात मृत्यू वाढल्याने डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली. त्यामुळे लॉरिक आम्लाने एचडीएल वाढते हा खोबरेल तेलाच्या निर्धोकतेचा पुरावा ठरत नाही.

## महाराष्ट्रातील स्निग्ध पदार्थ

पुणे हे देशावर, पण कोकणाजवळ वसलेले असल्याने येथील स्वयंपाकघरात दोन्हीकडचे स्निग्ध पदार्थ आढळतात. साखळी-लांबीच्या दृष्टीने त्यांचे स्वरूप पुढीलप्रमाणे आहे.

खोबरेल तेल – यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. लॉरिक आम्ल साधारण ४५ ते ५० टक्के आणि मिरिस्टिक आम्ल १६ ते २१ टक्के असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ प्रयोगांच्या विश्लेषणात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सरासरी सुमारे १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि एचडीएल ४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढल्याचे दिसले. लोण्याशी तुलना केल्यास चित्र वेगळे दिसते. २०१८ मधील एका ब्रिटिश प्रयोगात चार आठवडे रोज ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ दिल्यावर खोबरेल घेणाऱ्यांचे एलडीएल लोणी घेणाऱ्यांपेक्षा कमी राहिले. म्हणजेच एकच तेल कशाशी तोलले जाते यावर उत्तर बदलते.

तूप – दुधातील मेदात ब्यूटिरिक आम्लापासून स्टिअरिक आम्लापर्यंत जवळजवळ सर्व साखळ्या असतात. पामिटिक आम्ल साधारण एक-चतुर्थांश किंवा अधिक, मिरिस्टिक सुमारे दहा टक्के, तर ब्यूटिरिक केवळ तीन-चार टक्के असते. बाष्पनशील लघु साखळी मेदाम्ले हे तुपाचे वैशिष्ट्य असल्याने त्यांवर आधारलेले रायशर्ट-माइसल मूल्य भेसळ ओळखण्यासाठी वापरले जाते. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात हे मूल्य कमी भरते, म्हणून जुन्या मानकांत कापूस पिकवणाऱ्या प्रदेशांसाठी वेगळी मर्यादा होती.

दुधातील मेदकणांभोवती फॉस्फोलिपिड व प्रथिनांचे आवरण असते. लोणी घुसळताना त्याचा बराच भाग ताकात जातो आणि लोणी कढवल्यावर उरलेला भाग बेरीत राहतो. स्वीडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज ४० ग्रॅम दुग्धमेद सायीच्या रूपात घेतल्यास एलडीएल वाढले नाही, पण आवरणविरहित लोणीतेलाच्या रूपात घेतल्यास वाढले. याचा अर्थ साखळी-लांबी सारखी असूनही पदार्थाच्या रचनेने परिणाम बदलू शकतो.

पामतेल – यात पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के आणि ऑलिइक आम्ल सुमारे ४० टक्के असते. स्वस्त असल्याने फरसाण, बिस्किटे आणि बाहेरचे तळलेले पदार्थ यांत त्याचा वापर मोठा आहे. राज्य शासनाने २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकाधारकांना दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, चणाडाळ आणि साखर यांसोबत एक लिटर पामतेल होते. कमी संपृक्त तेलांच्या तुलनेत पामतेलाने एलडीएल सरासरी सुमारे ९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढते, असे २०१५ मधील एका विश्लेषणात आढळले.

कोकमतेल – कोकमाच्या बियांपासून काढलेल्या या घट्ट मेदाला कोकणात मुठेल असेही म्हणतात. यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आणि उरलेल्यात मुख्यतः ऑलिइक आम्ल असते. म्हणजे नारळ आणि कोकम एकाच परसात वाढत असले, तरी त्यांचे मेद कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने भिन्न प्रकारचे आहेत. आहारातील याचा वापर अल्प असून तो प्रामुख्याने त्वचेच्या भेगांवर लावला जातो.

शेंगदाणा तेल – यात संपृक्त मेदाम्ले एक-पंचमांशापेक्षा कमी असून ऑलिइक आम्ल सर्वाधिक असते. अतिदीर्घ साखळीचे बेहेनिक आम्ल कमी शोषले जाते. तरीही ते पूर्णपणे तटस्थ नसून कोलेस्टेरॉल वाढवते, असे २००१ मधील एका मानवी प्रयोगात दिसले. साखळी जितकी लांब तितकी ती निरुपद्रवी, असा सरळ नियम त्यामुळे करता येत नाही.

करडई तेल – हे जवळजवळ पूर्णपणे असंपृक्त असून त्यात लिनोलिइक आम्ल सुमारे तीन-चतुर्थांश असते. संपृक्त मेदाऐवजी वापरल्यास ते एलडीएल घटवते.

वनस्पती तूप – १९३७ मध्ये बाजारात आलेल्या ‘डालडा’मुळे हा पदार्थ घरोघरी पोहोचला. वनस्पती तेलाच्या अंशतः हायड्रोजनीकरणात तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले संपृक्त नसतात. पण ती एलडीएल वाढवतात आणि एचडीएल घटवतात. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेले व मेद यांतील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा २ टक्के करण्यात आली. पूर्ण हायड्रोजनीकरणात मात्र ट्रान्स मेदाम्लांऐवजी मुख्यतः स्टिअरिक आम्ल तयार होते.

## भारतीय शरीररचना व पुण्यातील संशोधन

साखळी-लांबीविषयीचे बहुतेक प्रयोग युरोप आणि अमेरिकेतील व्यक्तींवर झाले आहेत. भारतीयांच्या रक्तातील मेदांचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील प्रौढांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७२.३ टक्के व्यक्तींमध्ये एचडीएल कमी आणि २९.५ टक्के व्यक्तींमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त आढळले. एलडीएल जास्त असलेल्यांचे प्रमाण ११.८ टक्के होते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय शरीररचनेची संकल्पना मांडली. त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच मोजमापांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. याज्ञिक यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला असून, अशा शरीररचनेची सुरुवात गर्भावस्थेतच होत असल्याचे त्यातून दिसले.

ही शरीररचना इन्सुलिन-प्रतिरोधाशी निगडित आहे. इन्सुलिन-प्रतिरोधात यकृत कर्बोदकांपासून अधिक पामिटिक आम्ल आणि ट्रायग्लिसराइड तयार करते. त्यामुळे भारतीय आहाराच्या संदर्भात कोणते तेल वापरावे या प्रश्नाइतकाच, पॉलिश केलेला तांदूळ, मैदा आणि साखर किती खावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

## आहारविषयक शिफारसी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत संपृक्त मेदाम्लांचा वाटा एकूण ऊर्जेच्या १० टक्के किंवा त्याहून कमी ठेवण्याची शिफारस केली आहे. त्यांच्या जागी बहुअसंपृक्त मेदाम्ले, वनस्पतिजन्य एकअसंपृक्त मेदाम्ले किंवा नैसर्गिक तंतूंनी युक्त कर्बोदके घ्यावीत, असे त्यात म्हटले आहे. या शिफारशीत साखळी-लांबीनुसार वेगळ्या मर्यादा दिलेल्या नाहीत, कारण लोक मेदाम्ले सुटी न खाता पदार्थ खातात आणि बहुतेक पदार्थांत तटस्थ व कोलेस्टेरॉलवर्धक मेदाम्ले एकत्रच असतात.

दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी १० टक्के म्हणजे सुमारे २२ ग्रॅम संपृक्त मेद. पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, तुपात ९ ते १० ग्रॅम आणि तेवढ्याच खोबरेल तेलात सुमारे १३ ग्रॅम संपृक्त मेदाम्ले असतात. वरणभातावर घेतलेले चमचाभर तूप या मर्यादेत बसू शकते. मात्र त्याच दिवशी पामतेलात तळलेले फरसाण, बेकरीतील पदार्थ आणि मिठाई घेतल्यास मर्यादा सहज ओलांडली जाते. ज्यांचे एलडीएल आधीच जास्त आहे, किंवा ज्यांना मधुमेह वा हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा वैद्यकीय सल्ल्याने आणखी कमी ठेवली जाते. तेल बदलणे हा अशा रुग्णांमध्ये औषधोपचाराला पर्याय ठरत नाही.